घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल: इतिहास आणि बाजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं ओळीने वाचली तर पन्नासेक वर्षांचा इतिहास क्रमाने लागतो. सुटी वाचली तरी बिघडत नाही. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. माझं एक मत मात्र आधीच सांगून टाकतो. कन्सोलचा इतिहास बहुतेक लोक चिपचा आणि ग्राफिक्सचा म्हणून सांगतात. मला तो जकात नाक्याचा इतिहास वाटतो. टीव्हीकडे जाणाऱ्या वाटेवर नाका कोणाचा आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक गेमवर वसुली कोणाची, यावरच बहुतेक हारजीत ठरली आहे.

कन्सोल आणि कॉम्प्युटर यांत फरक काय? आतून दोन्ही सारखेच ना?

आज जवळजवळ सारखेच. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत एएमडीच्या चिप आहेत, त्याही पीसीच्याच घराण्यातल्या. खरा फरक परवानगीचा आहे. पीसीसाठी कोणीही गेम लिहावा आणि विकावा, चिप बनवणाऱ्याला विचारायची गरज नाही. कन्सोलवर कंपनीने मंजूर न केलेला गेम सुरूच होत नाही. त्या बदल्यात गेम बनवणाऱ्याला कोट्यवधी घरांत अगदी एकसारखं यंत्र मिळतं आणि विकत घेणाऱ्याला ग्राफिक्स कार्डाची चिंता राहत नाही.

पहिला घरगुती कन्सोल कोणता? पाँग ना?

नाही, पण हा गैरसमज समजण्यासारखा आहे. पहिला कन्सोल मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७२ सालचा. त्यामागे राल्फ बेअर हे अमेरिकी अभियंते होते. ते न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरीला होते. टीव्हीचा उपयोग खेळण्यासाठी करता येईल, ही कल्पना त्यांनी १९६६मध्ये चार पानांत लिहून काढली आणि पुढच्या दोनेक वर्षांत सहकाऱ्यांना हाताशी धरून यंत्र तयार केलं.

ओडिसीत प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, गुणही दिसत नसत. पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक रेघ. बाकीची सजावट म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक प्लास्टिक लावायचं. खोक्यात फासे, पत्ते आणि खेळण्यातल्या नोटाही असत, कारण गुण खेळणाऱ्यांनीच मोजायचे होते. हे यंत्र फक्त मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालतं, असा ग्राहकांचा समज झाला आणि तो दूर करायची फारशी घाई कोणी केली नाही. एकूण विक्री साडेतीन लाखांच्या आसपास झाली.

पाँग त्यानंतर आला. अटारी या गेम कंपनीचे नोलन बुशनेल यांनी मे १९७२मध्ये कॅलिफोर्नियात ओडिसीचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं. त्याच वर्षी अटारीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी पाँग हा टेबल टेनिससारखा गेम तयार केला, पण तो नाण्यावर चालणारा, सार्वजनिक जागेत ठेवायचा. घरगुती पाँग १९७५मध्ये सिअर्सच्या दुकानांतून आला. दरम्यान मॅग्नावॉक्सने पेटंटचा दावा ठोकला आणि १९७६मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला. पुढची कित्येक वर्षं बेअर यांची पेटंट इतर कंपन्यांकडूनही पैसे वसूल करत राहिली. पहिला कन्सोल विक्रीत जेमतेम होता, वसुलीत मात्र नव्हता.

गेम बदलता येणारं कार्ट्रिज कोणी आणलं?

कार्ट्रिज म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी. बाजारात पहिल्यांदा आणलं ते फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफने, १९७६मध्ये. मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीची. ती लोकांच्या हातात टिकेल अशा वस्तूत उतरवणाऱ्या चमूचं नेतृत्व जेरी लॉसन यांच्याकडे होतं. सिलिकॉन व्हॅलीत तेव्हा कृष्णवर्णीय अभियंते अगदी मोजके होते. लॉसन त्यांतले एक. त्यांच्या यंत्रात चालू खेळ थांबवून ठेवायचं बटणही होतं, जे आज आपण गृहीतच धरतो.

चॅनल एफ फार चालला नाही. पुढच्याच वर्षी अटारी व्हीसीएस आला आणि बाजार घेऊन गेला. हाच नंतर अटारी २६०० म्हणून ओळखला गेला. त्यात रॅम होती फक्त १२८ बाइट. या उत्तरातला पहिला परिच्छेदही तिच्यात मावणार नाही. तरी १९८०मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ त्यावर आला आणि केवळ तो खेळण्यासाठी लोक यंत्र विकत घेऊ लागले. यंत्र गेमसाठी घेतलं जातं, गेम यंत्रासाठी नाही, हे इथे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

१९८३ची मंदी म्हणजे काय? ती ‘ई.टी.’ या गेममुळे आली का?

‘ई.टी.’वर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे, कारण गोष्ट मजेदार आहे. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो गेम १९८२च्या उन्हाळ्यात सुमारे पाच आठवड्यांत एकट्याने लिहावा लागला, कारण नाताळपूर्वी तो दुकानात हवा होता. न विकलेल्या प्रती अटारीने १९८३मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचऱ्यात पुरल्या. वर्षानुवर्षं लोक याला दंतकथा समजत होते. २०१४मध्ये खोदकाम झालं आणि कार्ट्रिज खरोखरच बाहेर आली. त्यांत ‘ई.टी.’बरोबर अटारीचे इतरही गेम होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

खरं कारण शोधायला थोडं मागे जावं लागतं. अटारी आपल्या प्रोग्रामरांची नावंही गेमवर छापत नसे. त्याला कंटाळून काही जण बाहेर पडले आणि १९७९मध्ये ॲक्टिव्हिजन सुरू झाली: कन्सोल स्वतः न बनवता दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम विकणारी पहिली कंपनी. अटारी कोर्टात गेली. १९८२मध्ये तडजोड झाली आणि अटारीला रॉयल्टी देऊन गेम विकायचा मार्ग खुला झाला. पण यंत्रात कुलूपच नव्हतं. रॉयल्टी न देताही कोणीही कार्ट्रिज बनवू शकत होता, आणि मग सगळ्यांनीच बनवली. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीने गेमचा विभाग काढला. कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठीही एक गेम आला.

दुकानं मालाने भरली आणि गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट ओळखता येईना. नव्या कंपन्या बुडाल्यावर दुकानदारांना माल परत करायला जागा उरली नाही, तेव्हा पस्तीस डॉलरचे गेम पाच डॉलरला टोपल्यांतून विकले गेले. त्यात कमोडोरने घरगुती कॉम्प्युटरच्या किमती पाडल्या. मुलाला अभ्यासालाही उपयोगी पडेल असं यंत्र त्याच पैशात मिळत असेल तर कन्सोल कशाला, असा हिशेब पालकांनी केला. डिसेंबर १९८२मध्ये अटारीची मालक असलेल्या वॉर्नरने विक्री अपेक्षेपेक्षा कमी होणार असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. १९८३मध्ये अमेरिकेत ३ अब्ज डॉलरहून मोठा असलेला बाजार १९८५पर्यंत १० कोटी डॉलरच्या आसपास आला, असे आकडे सर्रास दिले जातात.

ही मंदी मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. ब्रिटनमध्ये पोरं स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर खेळत होती, त्यांना तिची झळही लागली नाही. जपानमध्ये तर त्याच वर्षी भरभराट सुरू झाली.

मग निन्टेन्डोने बाजार पुन्हा कसा उभा केला?

दोन गोष्टींनी: एक वेषांतर आणि एक कुलूप.

क्योटोची निन्टेन्डो १८८९पासून हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते बनवत होती. १५ जुलै १९८३ला जपानमध्ये तिचा फॅमिकॉम हा कन्सोल आला, १४,८०० येनला. आराखडा मासायुकी उएमुरा यांचा. (सेगाचा पहिला कन्सोल त्याच दिवशी विक्रीला आला, हा योगायोग मला नेहमी गंमतशीर वाटतो.) अमेरिकेत मात्र दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देत नव्हते. म्हणून १९८५मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाचणी विक्री करताना निन्टेन्डोने यंत्राचं रूप व्हिडिओ रेकॉर्डरसारखं केलं, कार्ट्रिज समोरून आत सरकवायची सोय केली आणि सोबत एक प्लास्टिकचा रोबोट दिला. त्या रोबोटसाठी अवघे दोन गेम निघाले. त्याचं काम दुकानाच्या दारातून आत शिरण्यापुरतं होतं आणि ते त्याने चोख बजावलं.

कुलूप जास्त महत्त्वाचं. यंत्रात एक चिप आणि तिला ओळख देणारी दुसरी प्रत्येक कार्ट्रिजमध्ये. दोघींचं जुळलं नाही तर खेळ सुरू होत नसे. त्यामुळे गेम काढायचा तर निन्टेन्डोचा परवाना घ्यायचा, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आधी भरायचे आणि वर्षाला पाचच गेम काढायचे. कोनामीने ही मर्यादा ओलांडायला अल्ट्रा नावाने वेगळी कंपनी काढली. अटारी गेम्सने त्याहून मोठी उडी मारली: खटल्यासाठी हवाय असं खोटं कारण देऊन अमेरिकी कॉपीराइट कार्यालयातून कुलपाचा प्रोग्राम मिळवला. १९९२मध्ये अपील न्यायालयाने तो मार्ग अमान्य ठरवला.

इतर कंपन्यांना हे जाचक वाटे आणि ते जाचक होतंही. पण आज प्रत्येक कन्सोलचा धंदा याच पायावर उभा आहे.

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारल्याने गेम खरंच चालायचा का?

चालायचा तो कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. समोरून सरकवायच्या त्या रचनेत आतले संपर्क सैल पडत. दुसऱ्यांदा बसवताना ते कधीकधी नीट टेकत. फुंकरीतल्या ओलाव्याने धातू उलट गंजतो. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं, पण कोणी ऐकलं नाही.

‘आठ बिट’, ‘सोळा बिट’ याचा अर्थ काय?

प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो, त्याचं ते माप. नंतर जाहिरातवाल्यांनी ते गुणवत्तेचं माप करून टाकलं. १९९३चा अटारी जॅग्वार ‘चौसष्ट बिट’ म्हणून विकला गेला आणि गेमअभावी पडला. त्यानंतर काही वर्षांत बिट मोजणं बंदच झालं.

सेगा आणि निन्टेन्डो यांच्या भांडणाचं इतकं कौतुक का?

कारण नाका मोडता येतो हे सेगाने दाखवलं. तिचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल जपानमध्ये १९८८ला आला आणि तिथे फारसा चालला नाही. अमेरिकेत तोच जेनेसिस नावाने आला. सेगाच्या अमेरिकी शाखेचे टॉम कॅलिन्स्की यांनी किंमत उतरवली, यंत्रासोबत १९९१चा ‘सॉनिक’ हा गेम दिला आणि जाहिरातींत निन्टेन्डोचं नाव घेऊन टोमणे मारले. काही काळ अमेरिकेत सेगा पुढे होती. गेम बनवणाऱ्या कंपन्यांना दुसरा पर्याय मिळाला आणि निन्टेन्डोला अटी सैल कराव्या लागल्या. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तावरून १९९३मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, तीही याच चढाओढीच्या काळात, त्यातून पुढच्या वर्षी वयानुसार गेमचं वर्गीकरण करणारी संस्था उभी राहिली.

प्लेस्टेशन हे निन्टेन्डोशी झालेल्या भांडणातून जन्मलं, हे खरं का?

हो, आणि भांडण नाक्यावरूनच झालं. सोनीचे केन कुतारागी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी सीडीची जोड तयार करत होते. १९८८च्या करारानुसार सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीकडे जात होते. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या हे लक्षात आलं आणि जून १९९१मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात, सोनीने संयुक्त यंत्राची घोषणा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. फिलिप्सच्या सहकार्यातून पुढे निघाले ते निन्टेन्डोच्या झेल्डा या मालिकेचे असे गेम, ज्यांची आजही चेष्टा होते. सोनीने ३ डिसेंबर १९९४ला जपानमध्ये स्वतःचं यंत्र आणलं.

त्याला यश मिळालं त्याचं मोठं कारण सीडी. कार्ट्रिज महाग, बनायला कित्येक आठवडे, आणि किती छापायची हे आधीच ठरवावं लागे. अंदाज चुकला की माल अंगावर. सीडी नाममात्र खर्चात, काही दिवसांत पुन्हा छापता येई. जागाही साडेसहाशे मेगाबाइटच्या घरात, तर निन्टेन्डो ६४ची सर्वांत मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची. तोवर निन्टेन्डोबरोबर असलेल्या स्क्वेअर या गेम कंपनीने ‘फायनल फँटसी ७’ १९९७मध्ये तीन डिस्कवर प्लेस्टेशनसाठी काढला. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर विकला गेला, निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख.

सेगाने कन्सोल बनवणं का थांबवलं?

लोक ड्रीमकास्टचं नाव घेतात, पण गाडी त्याआधीच घसरली होती. मेगा ड्राइव्हला सीडीची जोड, मग १९९४च्या शेवटी ३२एक्स ही दुसरी जोड, आणि लगेच सॅटर्न हा नवाच कन्सोल. आधीच्या वस्तूंवर पैसे घालणारा ग्राहक चिडला. ११ मे १९९५ला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की ३९९ डॉलरचा सॅटर्न आजपासूनच विक्रीला आहे, पण फक्त निवडक दुकानांत. बाकीचे दुकानदार बिथरले. केबी टॉइजने सेगाचा माल ठेवायलाच नकार दिला. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढंच बोलले आणि खाली उतरले. इतकं परिणामकारक भाषण या धंद्यात दुसरं झालेलं नाही.

१९९८चा ड्रीमकास्ट खरोखर चांगला होता. इंटरनेटसाठी मोडेम त्यात आधीपासूनच होता. पण कुलपात फट राहिली होती, घरी लिहिलेल्या सीडीवर गेम चालत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने पाठ फिरवली आणि समोर पीएस२ येऊ घातला होता. सुमारे ९१ लाख यंत्रं विकल्यावर २००१मध्ये सेगाने हार्डवेअर सोडलं.

सर्वांत जास्त विकला गेलेला घरगुती कन्सोल कोणता?

पीएस२, १६ कोटींहून अधिक. मार्च २०००मध्ये आला, उत्पादन थेट २०१३च्या सुरुवातीपर्यंत चाललं. जुन्या प्लेस्टेशनचे गेम त्यावर चालत आणि तो डीव्हीडीही लावत असे. अनेक घरांत पहिला डीव्हीडी प्लेयर तोच होता. निन्टेन्डो स्विच १५ कोटींच्या पुढे गेला आहे, पण तो हातात घेऊनही खेळता येतो, म्हणून त्याला घरगुती धरायचं का, यावर वाद होतो.

कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात का?

अनेकदा. २००६मध्ये पीएस३चं स्वस्त मॉडेल ४९९ डॉलरला होतं, तेव्हा सुटे भाग उघडून हिशेब करणाऱ्या विश्लेषकांनी खर्च ८०० डॉलरच्या वर काढला होता. २०२१मध्ये एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. भरपाई होते ती गेमवरच्या वाट्यातून. डिजिटल विक्रीत तो साधारण ३० टक्के असतो. निन्टेन्डोचा मात्र यंत्रावरही चार पैसे सुटावेत असा आग्रह असतो. तिचा २००६चा वी (Wii) हा कन्सोल पहिल्या दिवसापासून नफ्यात होता.

हे गणित उलटं केलं तर काय होतं, ते १९९३च्या थ्रीडीओने दाखवलं. ट्रिप हॉकिन्स यांनी आराखडा तयार करून यंत्र बनवायचा परवाना पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांना दिला. गेम बनवणाऱ्यांकडून थ्रीडीओ प्रत्येक प्रतीमागे फक्त तीन डॉलर घेणार होती, म्हणून ते खूश. पण यंत्र बनवणाऱ्याला गेममधून काहीच मिळणार नव्हतं, तेव्हा त्याने आपला सगळा नफा यंत्राच्या किमतीतच घातला. किंमत झाली ६९९ डॉलर. कोण घेणार?

सर्वांत ताकदवान कन्सोल जिंकतो का?

क्वचितच. पीएस२पेक्षा निन्टेन्डोचा गेमक्यूब आणि पहिला एक्सबॉक्स दोन्ही ताकदवान होते. वी तर प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत दुबळाच, तरी १० कोटींच्या वर गेला, कारण निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी कधीच गेम न खेळणाऱ्यांना हातवारे करून खेळता येईल असं यंत्र दिलं. पण साधेपणा हे हमखास सूत्र आहे असंही नाही: त्याच निन्टेन्डोचा वी यू २०१२मध्ये आला आणि १ कोटी ३६ लाखांवर अडकला. तो नवा कन्सोल आहे की जुन्या वीची जोड, हेच अनेकांना कळलं नाही.

मायक्रोसॉफ्ट या धंद्यात का आली?

बैठकीच्या खोलीत सोनी बसली तर पीसीचं महत्त्व कमी होईल, या भीतीने. २००१च्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क होती, नेटवर्कची जोडणी होती, आणि वर्षभराने आलेल्या लाइव्ह सेवेने घरबसल्या एकमेकांशी खेळणं रुळवलं. एक्सबॉक्स ३६० सोनीच्या एक वर्ष आधी आला आणि चांगला चालला. पण यंत्रं बंद पडू लागली, समोरचे लाल दिवे कुप्रसिद्ध झाले आणि २००७मध्ये वॉरंटी वाढवण्यासाठी कंपनीला १ अब्ज डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली.

खरी घसरण मला २०१३ची वाटते. एक्सबॉक्स वन दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावेल आणि वापरलेल्या गेमच्या विक्रीवर बंधनं असतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. सोनीने उत्तरादाखल काही सेकंदांची चित्रफीत काढली: एकाने गेमची डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, संपलं. किंमतही १०० डॉलरने कमी. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच निर्णय फिरवला, पण ग्राहक तोवर फिरला होता. पुढे तिने गेम बनवणाऱ्या कंपन्याच विकत घ्यायचा मार्ग धरला. २०२३मध्ये पूर्ण झालेला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डचा व्यवहार ६८.७ अब्ज डॉलरचा म्हणून जाहीर झाला होता. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम विकायला निघालेली तीच ती १९७९ची कंपनी.

सगळ्या देशांत हाच इतिहास घडला का?

नाही, आणि जगाचा इतिहास म्हणून अमेरिका-जपानचाच सांगितला जातो, ही माझी जुनी तक्रार. ब्राझीलमध्ये टेकटॉयने सेगाचा मास्टर सिस्टीम दशकानुदशकं विकला. दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक वस्तूंवर बंधनं असल्याने निन्टेन्डोचं यंत्र ह्युंदाईने ‘कॉमबॉय’ नावाने आणलं. रशियात १९९२पासून डेंडी नावाची फॅमिकॉमची नक्कल घरोघरी पोचली. ती निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय निघाली होती. चीनने २०००मध्ये कन्सोलच्या विक्रीवर बंदी घातली, ती २०१५मध्ये पूर्ण उठली. तोवर तिथली पिढी पीसी आणि फोनवर खेळायला शिकली होती.

डिजिटल विकत घेतलेला गेम कायम माझाच राहतो का?

कायद्याच्या भाषेत तुम्ही बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना घेता. निन्टेन्डोने मार्च २०२३मध्ये वी यू आणि थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं यंत्र) यांवरची ऑनलाइन दुकानं बंद केली. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येत होतं, नवं घेता येईना. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेतल्या २०१०पूर्वीच्या गेमचा अभ्यास केला, तर ८७ टक्के गेम बाजारात कुठेच विकत मिळत नव्हते. डिस्क असेल तर निदान दुसऱ्याला देता येते, विकता येते. म्हणूनच डिस्कचा कप्पा नसलेली मॉडेल स्वस्त ठेवणं कंपन्यांना परवडतं: वापरलेल्या गेमचा बाजारच त्यातून बंद होतो.

पूर्वी कन्सोलची किंमत दरवर्षी उतरायची. आता ती वाढते का?

पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९मध्ये ९९ला मिळू लागला. चिप दर काही वर्षांनी लहान आणि स्वस्त होत असे, आणि किंमत उतरली की नवे खेळाडू आणि त्यांच्यासोबत गेमची नवी विक्री, असं ते चक्र होतं. आता चिप लहान करणं महाग झालं आहे. पीएस५ची किंमत २०२२मध्ये अनेक देशांत वाढली, २०२५मध्ये अमेरिकेतही. एक्सबॉक्स सिरीज एक्स तिथे २०२५मध्ये ४९९वरून आधी ५९९ आणि मग ६४९ डॉलरवर गेला. त्यामुळे थोडं थांबू, स्वस्त झाल्यावर घेऊ, हा जुना सल्ला निदान सध्या तरी लागू पडत नाही. थांबायचंच असेल तर हव्या त्या गेमसाठी थांबा.